फाटक्या आवाजाचा इतिहास

या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत छापून आला, तेव्हा आमच्या चिटणिसांना दोघातिघांनी विचारले म्हणे, की हे इतिहासाचे व्याख्यान आहे की रेडिओदुरुस्तीचा वर्ग? प्रश्न गैर नाही. गिटारचा ॲम्प्लिफायर म्हणजे पोरांनी शेजाऱ्यांच्या कानठळ्या बसवण्यासाठी आणलेली पेटी, असा आपणांपैकी पुष्कळांचा समज असणार. आणि तिच्यावरील बटणांची माहिती घेण्यासाठी वसंतातील एक संध्याकाळ खर्च करावी की नाही, ही शंका रास्तच आहे. माझे म्हणणे एवढेच, की या पेटीच्या दर्शनी पट्टीवर एका जुन्या भांडणाचा इतिहास लिहिलेला आहे. हे भांडण इंजिनियर आणि वादक यांचे. आवाज फाटू नये म्हणून इंजिनियरांनी चाळीसएक वर्षे आपली बुद्धी खर्च केली, आणि ती खटपट सफल होत आली असता वादकांनी तोच फाटका आवाज मागून घेतला. आज पट्टीवर जी बटणे दिसतात त्यांतील काही इंजिनियरांनी लावलेली आहेत, काही वादकांनी लावावयास भाग पाडलेली आहेत.

या भांडणाशी माझी ओळख पुस्तकातून झाली नाही. १९७८ साली मी एका तालुक्याच्या गावी लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या दुकानात उमेदवारी करीत होतो. लग्नसराई, गणपती, निवडणुका, आणि पावसाळ्यात दुरुस्ती, असा आमचा वर्षाचा क्रम असे. एके दिवशी गावातील ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा एक मुलगा आपला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर सायकलच्या कॅरियरला बांधून घेऊन आला. तक्रार एकच : ‘चालू केला की घूंऽ करतो.’ मी पेटी उघडली. एक फुगलेला कंडेन्सर सापडला, तो बदलला, घूं गेली. पण आत आणखी एक गोष्ट दिसली. स्पीकरकडून मागे, सुरुवातीच्या व्हॉल्व्हकडे येणारी एक वायर कोणी तरी मधोमध तोडून तशीच लोंबकळत ठेवली होती. तुटलेले दिसले की जोडावयाचे, हे आमचे शास्त्र. मी ती चोख झाळून टाकली. आवाज काचेसारखा स्वच्छ झाला. संध्याकाळी मुलगा आला, गिटार जोडून त्याने दोन मिनिटे वाजवले आणि त्याचा चेहरा उतरला.

‘दादा, घूं गेली ती बरी झाली,’ तो म्हणाला, ‘पण माझा आवाज कुठं गेला?’

मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. ते शोधावयाचे तर पुष्कळ मागे जावे लागते.

अमेरिकेत १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी हवा काढलेल्या काचेच्या फुग्यात एक लहानशी भर घातली. आत एक तापणारी तार आणि तिच्यासमोर एक पत्रा, ही रचना पूर्वीचीच. तार तापली की तिच्यातून विद्युत्कण सुटतात आणि पत्र्याकडे धाव घेतात. डी फॉरेस्ट यांनी या दोहोंच्या मध्ये तारेची एक जाळी बसवली. शेताच्या पाटावरील दाराशी तिची तुलना करता येईल. धरणातून येणारे पाणी मोठे, त्याचा जोर मोठा. पण पाटकऱ्याने दार बोटभर वरखाली केले की सगळा प्रवाह त्या बोटाच्या हुकमाने कमीजास्त होतो. जाळीवर आलेला क्षीण संदेश हे ते बोट, आणि तारेकडून पत्र्याकडे जाणारा प्रवाह हे धरणाचे पाणी. म्हणून ॲम्प्लिफायर लहान आवाज मोठा करतो असे आपण म्हणतो ते तितकेसे खरे नाही. तो लहान आवाजाच्या हुकमाखाली दुसरा, मोठा आवाज घडवतो. हा फरक श्रोत्यांनी मनात ठेवावा. पुढची सारी कथा त्यावरच चालते.

आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा वक्त्याच्या छातीत जेवढा दम तेवढ्याच अंतरावर त्याचा विचार पोचत असे. व्हॉल्व्हने ही मर्यादा काढून टाकली. १९१५ साली न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन टोकांच्या शहरांमध्ये टेलिफोन सुरू झाला तो याच व्हॉल्व्हच्या जोरावर. १९१९ साली अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सॅन डिएगो येथे हजारोंच्या सभेपुढे ध्वनिवर्धकातून भाषण केले. या सर्वांना एकच गोष्ट हवी होती : जसे बोलले तसे पोचावे. टेलिफोनच्या लांब तारेवर तर एकामागून एक कित्येक ॲम्प्लिफायर जोडावे लागत. प्रत्येकाने आवाज किंचित फाडला तर शेवटी ऐकणाऱ्याच्या कानी चिंध्याच यावयाच्या.

या रोगावर औषध सापडले ते हॅरल्ड ब्लॅक नावाच्या तरुण इंजिनियराला, बेल प्रयोगशाळेकडे कामाला जाताना, हडसन नदीवरील नावेत. तारीख होती २ ऑगस्ट १९२७. हातात ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा अंक होता, त्याच्याच एका पानावर ब्लॅक यांनी आकृती काढली आणि खाली सही केली. कल्पना ऐकावयास साधी आहे. शेवटी जो मोठा आवाज तयार होतो त्यातील थोडासा भाग उलटा करून पुन्हा आरंभी आणून सोडावयाचा. मूळ संदेश आणि हा परत आलेला भाग यांत जे अंतर असेल ते ॲम्प्लिफायरने केलेल्या चुकीचे अंतर. आणि ती चूक उलटी होऊन परत आल्यामुळे आपली आपणच पुष्कळशी पुसली जाते. किंमत एवढीच, की आवाजाची वाढ कमी होते. हिशेबनीस ठेवल्याने चोरी थांबते, पण त्याचा पगार द्यावा लागतो, त्यातलाच हा प्रकार. इंजिनियर याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. त्या मुलाच्या पेटीत मी जी वायर जोडली, ती ब्लॅकसाहेबांची वायर होती.

आता गिटारकडे वळू. १९२० नंतरच्या अमेरिकन नाचाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन आणि ट्रंपेट यांच्या गर्दीत गिटारवाल्याची अवस्था लग्नाच्या वरातीत सतार वाजवणाऱ्यासारखी होती. तो आहे हे दिसे, ऐकू येत नसे. त्याच सुमारास तिकडे हवाइयन गिटारचे वेड पसरलेले होते. ही गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवीत वाजवतात. अशी वाजवणारे जॉर्ज बोशँप आणि कारखानदार ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१-३२ च्या सुमारास ॲल्युमिनियमची एक गिटार बनवली. गोल अंग आणि लांब मान यांमुळे लोक तिला तळणीचा तवा म्हणू लागले. तिच्या तारांजवळ लोहचुंबक आणि बारीक तारेचे वेटोळे बसवले होते. पोलादी तार कापली की चुंबकाचे क्षेत्र हलते, वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेला हा नियम. या वेटोळ्याला पिकअप म्हणतात. येथे गिटारच्या लाकडाचे काम संपले असे नव्हे, पण दुय्यम झाले. आपल्याकडे व्हॅन शिपले यांनी विजेच्या हवाइयन गिटारवर चित्रपटगीतांच्या धुना वाजवल्या, त्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या असतील त्यांना हा लांब ओढलेला, पाण्यावरून घसरत गेल्यासारखा स्वर आठवेल. पुढे १९३६ मध्ये गिब्सन कंपनीची उभी धरून वाजवावयाची विजेची गिटार आली, १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन हा तरुण तीच घेऊन बेनी गुडमन यांच्या जॅझ वाद्यमेळात गेला, आणि साथीच्या रांगेतील गिटार गवयाच्या जागी येऊन बसली.

येथवर पिकअपच्या विजेला लागणारा ॲम्प्लिफायर म्हणजे रेडिओचाच मागचा अर्धा भाग होता. त्याला स्वतंत्र व्यक्तित्व दिले ते कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने. त्याचे नाव लिओ फेंडर. लहानपणी एक डोळा गेलेला, शिक्षण हिशेबनिसाचे, गिटार वाजवता येत नाही, आणि १९३८ पासून रेडिओचे दुकान. आमच्या धंद्यातील हा आद्य पुरुष, त्यामुळे त्याच्याविषयी मला थोडे अधिक प्रेम आहे हे आधीच सांगून टाकतो. त्याने मंडलरचनेचा कोणताही मोठा शोध लावला नाही. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुस्तिकांतून ज्या आकृत्या मिळत त्यांवरच त्याने काम केले. मोठेपणा दोन गोष्टींत होता. एक, त्याचा ॲम्प्लिफायर मजबूत आणि दुरुस्तीला सोपा असे. दुसरे, तो आपली पेटी गावातल्या वादकांना नेऊन देई, त्यांच्याकडून दोष ऐकून घेई, आणि पुढच्या खेपेस ते काढी. स्वतःला वाजवता येत नसल्यामुळेच की काय, वादकाचे ऐकण्याची सवय त्याला लागली. कारखान्यात वायरिंग करणाऱ्या स्त्रियांपैकी जिने ती पेटी जोडली तिचे नाव आत कागदी पट्टीवर लिहिलेले असे. जुनी पेटी उघडली की ते नाव आजही सापडते.

अशी एखादी पेटी उघडून पाहू. मागील बाजूस काचेचे व्हॉल्व्ह रांगेने उभे असतात. लहान दिसतात ते सुरुवातीचे. पिकअपमधून आलेला अगदी दुबळा संदेश ते वाढवतात. सर्वांत सामान्य आहे तो १२एएक्स७. त्यांच्या पलीकडे मोठे, अधिक तापणारे व्हॉल्व्ह, ते शक्तीचे. अमेरिकन पेट्यांत बहुधा ६व्ही६ किंवा ६एल६, इंग्रजी पेट्यांत ईएल८४ किंवा ईएल३४. दोन लोखंडी ठोकळे दिसतात ते ट्रान्स्फॉर्मर. पहिला घरातल्या विजेचा दाब चढवतो. दुसऱ्याचे काम उलटे : व्हॉल्व्हजवळ दाब मोठा आणि प्रवाह थोडा असतो, स्पीकरच्या वेटोळ्याला प्रवाह मोठा आणि दाब थोडा लागतो, या दोघांची सोयरीक हा दुसरा ट्रान्स्फॉर्मर जुळवतो. उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेने वळवणारा एक व्हॉल्व्ह असतो, आणि तिच्यातील हेलकावे शांत करणारे जाडजूड कंडेन्सर. कंडेन्सर निकामी झाला की हेलकावे स्पीकरपर्यंत पोचतात, तीच ती घूं. या कंडेन्सरांत चारचारशे व्होल्ट साठून राहतात आणि प्लग काढल्यावरही ते लगेच उतरत नाहीत. उत्साहाच्या भरात घरची पेटी कोणी उघडू नये. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर एक पांढरा ठिपका आहे, तो दाखवून मी पुढे जातो.

आता दर्शनी पट्टी. पहिले बटण व्हॉल्यूमचे. हे फिरवले की आवाज वाढतो असे वाटते. वस्तुतः हे बटण आवाज अडवणारे आहे. व्हॉल्व्हची वाढवण्याची शक्ती तीच असते. दोन व्हॉल्व्हच्या वाटेत बसवलेली ही तोटी आहे, ती किती उघडावयाची एवढेच आपण ठरवतो. आणि येथे कानाचा एक चमत्कार ध्यानात घ्यावा लागतो. शक्ती दुप्पट केली तर आवाज दुप्पट वाटत नाही. दुप्पट वाटण्यास शक्ती सुमारे दसपट लागते. पन्नास वॉटची पेटी विकून शंभर वॉटची आणणाऱ्याला फरक कळतो तो तीन डेसिबलचा, म्हणजे बेताचाच. पैसे मात्र पुष्कळ जातात. दुकानदार हे सांगत नाहीत.

त्यापुढे खर्ज, मध्य आणि तार यांची तीन बटणे. नवशिक्याला वाटते, तार वाढवले की तार स्वर वाढतात. फेंडर पद्धतीच्या पेटीत ही तिन्ही बटणे काहीही वाढवीत नाहीत. कंडेन्सर आणि रेझिस्टन्स यांचे ते एक चाळणीसारखे जाळे आहे. ते फक्त गाळते, कमी गाळावे की जास्त एवढाच प्रश्न. शिवाय तिघांचा संसार एकत्र आहे. एकाला हात लावला की दुसऱ्या दोघांचे वागणे बदलते. साठीच्या दशकातील काही पेट्यांत तर तिन्ही शून्यावर आणली, की व्हॉल्यूम कितीही असो, आवाज जवळजवळ नाहीसाच होतो. आणि तिन्ही मध्यावर ठेवली म्हणजे स्वर जसाच्या तसा येतो, असेही नाही. मधले स्वर दबलेलेच राहतात. वादक ज्याला त्या पेटीचा गोडवा म्हणतो तो पुष्कळसा या दबलेल्या मधल्या स्वरांचा असतो.

आणखी एक बटण आहे, ‘प्रेझेन्स’ नावाचे. त्याचे शब्दशः भाषांतर उपस्थिती. ते फिरवले की वादक श्रोत्यांच्या जवळ आल्यासारखा वाटतो. त्याची करामत अशी, की ब्लॅकसाहेबांच्या त्या परत येणाऱ्या वाटेवर ते बसवलेले असते आणि वरच्या स्वरांना परतीच्या वाटेतच गळती लावते. ज्या स्वरांचा हिशेब परत येत नाही ते स्वर बेबंद होतात, पुढे उसळतात. इंजिनियरांनी दोष पुसण्यासाठी जी व्यवस्था केली तिचा काही भाग मोडता यावा म्हणून एक बटण! भांडणाचा निकाल वादकांच्या बाजूने झुकू लागल्याची ही पहिली खूण मी मानतो.

रिव्हर्ब आणि कंप यांच्यावर मी फार वेळ घेणार नाही, एक एक गंमत तेवढी सांगतो. देवळाच्या गाभाऱ्यात येतो तसा रेंगाळणारा नाद देणारे रिव्हर्ब म्हणजे पेटीच्या तळाशी डब्यात ताणलेल्या स्प्रिंगा. संदेश स्प्रिंगेच्या एका टोकाला शिरतो, वाटेत मागेपुढे धडकत दुसऱ्या टोकाला उशिरा पोचतो. ही युक्ती मूळ टेलिफोनवाल्यांची, लांबच्या तारेवर आवाज उशिरा पोचतो त्याचा अभ्यास करण्यासाठी; हॅमंड यांनी ती ऑर्गनमध्ये आणली आणि फेंडर यांनी १९६१ पासून गिटारसाठी घेतली. कंपाची गंमत नावाची आहे. स्वर वरखाली डुलणे, म्हणजे आपले आंदोलन, याला इंग्रजीत व्हायब्रॅटो म्हणतात. आवाज लहानमोठा होत थरथरणे याला ट्रेमोलो. फेंडर यांनी १९५४ च्या आपल्या प्रसिद्ध गिटारवरील स्वर डुलवणाऱ्या दांडीला ट्रेमोलो म्हटले आणि ॲम्प्लिफायरवरील आवाज थरथरवणाऱ्या बटणाला व्हायब्रॅटो. दोन्ही उलटे. ती चूक आजवर दुरुस्त झालेली नाही.

फेंडर यांच्या पेट्यांत ‘बासमन’ ही एक मोठी पेटी होती; चार स्पीकरांची, खर्जाच्या गिटारसाठी केलेली, पण साध्या गिटारवाल्यांनीच उचलून धरलेली. पन्नाशीच्या अखेरीस तिचे जे रूप तयार झाले त्याला पुढे अटलांटिकपलीकडे एक वंशज लाभला. लंडनच्या पश्चिमेस हॅनवेल येथे जिम मार्शल हे ड्रम शिकवीत आणि १९६० पासून वाद्यांचे दुकान चालवीत. आयात केलेला अमेरिकन ॲम्प्लिफायर इंग्रज पोरांच्या आवाक्याबाहेरचा. तेव्हा १९६२ मध्ये मार्शल यांच्या दुकानातील केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी बासमनची मंडलरचना जवळजवळ तशीच उतरवून काढली. उतरवताना जे किरकोळ फरक झाले त्यांनी मात्र इतिहास घडवला. पहिल्या जागी अधिक वाढ करणारा व्हॉल्व्ह, ट्रान्स्फॉर्मर इंग्लंडमध्ये मिळाले ते, आणि स्पीकर मागून बंद अशा पेटीत. हे सारे मिळून तिचा आवाज लवकर फाटू लागला, आणि फाटताना तो भरदार वाटू लागला.

मग मोठ्या आवाजाची शर्यत लागली. द हू या मंडळीचे पीट टाउनशेंड यांनी मार्शलकडे शंभर वॉट मागितले, आणि एकाच पेटीत आठ स्पीकर. ती पेटी बनली. पण तिची ने-आण करणाऱ्यांची कंबर मोडायची वेळ आली, तेव्हा तिचे दोन तुकडे करून एकावर एक ठेवण्यात आले. रंगमंचावर जी पेट्यांची भिंत दिसते तिच्या मुळाशी हमालांची ही तक्रार आहे. शर्यतीला कारणही होते. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सपुढे पंचावन्न हजारांवर श्रोते होते, त्यांच्याकडे व्हॉक्स कंपनीचे शंभर वॉटचे खास ॲम्प्लिफायर होते, आणि तरीही किंकाळ्यांच्या कल्लोळात आपण काय वाजवतो आहोत हे त्यांचे त्यांनाच ऐकू येत नव्हते.

परंतु आवाज मोठा होणे वेगळे आणि फाटणे वेगळे. फाटणे म्हणजे काय? पाटाचे दार पूर्ण उघडले की त्याहून अधिक पाणी येऊ शकत नाही. पूर्ण लावले की त्याहून कमी होऊ शकत नाही. जाळीवर आलेला संदेश फार मोठा झाला तर व्हॉल्व्ह या दोन टोकांना जाऊन आपटतो आणि ध्वनीच्या लाटांचे माथे सपाट होतात. माथे कापले की मूळ स्वरात नसलेले किंवा अगदी क्षीण असलेले वरचे उपस्वर जन्माला येतात. येथे आपणांस परकेपणा वाटण्याचे कारण नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तासन्‌तास कानस फिरवून जवारी काढतो आणि तारेखाली सुताचा धागा सरकवतो, तो कशासाठी? तार घोडीला चाटून झणकारावी, तिच्यातून उपस्वरांचे मोहोळ उठावे, स्वयंभू गंधार ऐकू यावा यासाठी. शुद्ध भौतिकाच्या दृष्टीने तो झणकारही तारेच्या निर्मळ कंपनात केलेली ढवळाढवळच आहे. दोहोंची रीत निराळी, परिणाम निराळा. पण स्वच्छ स्वर आणि भरलेला स्वर या एकच गोष्टी नव्हेत, हे आपल्या कानांना कोणी शिकवावयास नको.

फाटलेल्या आवाजाचा एक कायदाही आहे. एकच स्वर असेल तर जन्मणारे उपस्वर त्याच्याच कुळातले असतात. दोन स्वर एकदम वाजले, तर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर निघतात. षड्ज आणि पंचम यांचे प्रमाण दोनास तीन. वजाबाकी एक, म्हणजे त्या षड्जाच्या खालच्या सप्तकातील षड्ज. म्हणून सा-प ही जोडी फाटक्या आवाजात उलट अधिक गंभीर होते. तेथेच गिटारच्या पडद्यांवरील गंधार मिसळला, की तो शुद्ध प्रमाणात नसल्यामुळे नव्या स्वरांची भाऊबंदकी माजते. रॉक संगीतातील गिटारवाले जन्मभर सा-प, सा-प करीत बसतात म्हणून त्यांना नावे ठेवणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा. स्वररचना कोणती हे तेथे पुष्कळ अंशी पेटीने ठरवलेले आहे.

हा आवाज कोणी शोधून काढला असे नाही. तो अपघातानेच हाती लागला. १९५१ साली मेंफिस येथे ‘रॉकेट ८८’ नावाच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण होते. गिटारवाल्याच्या ॲम्प्लिफायरचे वाटेत नुकसान झालेले, स्पीकरचा कागदी पडदा निकामी. आत कागद कोंबून तसेच मुद्रण उरकले, आणि घरघरणारा तो स्वर लोकांना आवडला. १९५८ मध्ये लिंक रे यांनी मुद्दाम स्पीकरला भोके पाडली. १९६४ मध्ये लंडनच्या डेव्ह डेव्हीस यांनी एका लहान स्पीकरचा पडदा दाढीच्या पात्याने चिरला. चांगला जिन्नस फाडणे ही गोष्ट आमच्या दुकानात मालकांच्या कानी गेली असती तर कानफटात बसली असती. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन ध्वनिमुद्रणाच्या वेळी मार्शलची पेटी रंगमंचावर लावतात तेवढीच मोठी ठेवून वाजवू लागले. मायक्रोफोन दूर ठेवून ते मुद्रण पार पडले. त्या तबकडीनंतर फाटका आवाज हा दोष राहिला नाही, शैली झाली. आणि १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी वुडस्टॉकच्या मैदानावर जिमी हेंड्रिक्स यांनी अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवले, तेव्हा सभेत माइक शिट्टी मारतो तशी स्पीकर आणि तार यांच्यामधली शिट्टीही त्यांनी स्वरासारखी वळवली. व्हिएटनामचे युद्ध चालू होते. त्या किंकाळीचा अर्थ लोकांना फोड करून सांगावा लागला नाही.

मुंबईच्या चित्रपटसंगीतातही राहुलदेव बर्मन यांच्या सत्तरनंतरच्या गाण्यांतून विजेच्या गिटारचे हे नवे रंग ऐकू येऊ लागले होते. आमच्या गावचा तो मुलगा तबकड्या ऐकून ऐकून त्या आवाजाच्या शोधात होता.

पेटी फाटण्यासाठी तिला पूर्ण जोराने चालवावे लागते, आणि मग घरात राहणे अशक्य होते. यावर सत्तरीच्या दशकात ‘मास्टर व्हॉल्यूम’ आला. दोन तोट्या : पहिली मोकळी सोडून सुरुवातीच्याच व्हॉल्व्हना फाडावयाचे, दुसरीने एकूण आवाज आवरावयाचा. शेजारधर्मासाठी केलेली ही सोय आहे, परंतु पहिल्या तोटीचे नाव पुढे ‘गेन’ पडले. दोष किती हवा ते मोजूनमापून देणारे बटण इंजिनियराने स्वतः बसवून दिले. भांडण तेथे मिटले म्हणावयास हरकत नाही.

एवढ्यात व्हॉल्व्हचे युगच संपत आले होते. १९४७ साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. हलका, स्वस्त, न तापणारा. १९६५ मध्ये फेंडर यांनी आपली कंपनी सीबीएस या मोठ्या कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरांना विकली. नव्या मालकांनी १९६६ मध्ये ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायर मोठ्या जाहिरातीने काढले आणि ते पडले. मर्यादेपाशी येताना व्हॉल्व्ह हळूहळू नमतो, तर तेव्हाचा ट्रान्झिस्टर एकदम तुटे. कान करवतीने कापल्यासारखे होत. स्वच्छ आवाजासाठी मात्र तो उत्तम होता, आणि जपानच्या रोलँड कंपनीच्या १९७५ च्या पेटीने ते सिद्ध केले. रेडिओ, टेलिफोन, टेलिव्हिजन या सर्वांनी व्हॉल्व्ह टाकून दिले. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह साठच्या दशकापासून आपल्या घराघरांतील रेडिओंत होते. तेही बंद झाले. गिटारवाले तेवढे हटून बसले. त्यांच्यासाठी रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथील मोजके कारखाने व्हॉल्व्ह काढीत राहिले, आणि मार्च २०२२ मध्ये युद्धामुळे रशियातून येणारा माल अडला तेव्हा जगभर व्हॉल्व्हचे भाव चढले. आता संगणकावर चालणाऱ्या पेट्या निघाल्या आहेत. त्यांत व्हॉल्व्ह नाही, स्प्रिंग नाही. पण जुन्या पेटीचे नमणे, तिच्या ट्रान्स्फॉर्मरचे दमणे, स्पीकरचे घरघरणे यांची नक्कल गणिताने केलेली असते. एके काळी जे दोष काढण्यासाठी गणित खर्ची पडले, ते आता तसेच्या तसे घालण्यासाठी पडते आहे.

१९७८ च्या त्या संध्याकाळी मला यातले काहीच ठाऊक नव्हते. मुलगा पेटीपुढे उकिडवा बसला होता. मी त्याला विचारले, ‘ती आतली वायर कुणी तोडली होती?’ ‘मीच,’ तो म्हणाला. ‘एकदा चुकून सुटली, तेव्हा आवाज बरा लागला. मग कापूनच टाकली.’ मी मालकांकडे पाहिले. मालकांनी मान हलवली. पेटी पुन्हा उघडली, दोन तासांपूर्वी झाळलेली वायर पक्कडीने तोडली, टोकाला चिकटपट्टी गुंडाळली. त्याने गिटार जोडली, एकच सूर छेडला आणि धरून ठेवला. दुकानाच्या फळीवरचे रिकामे डबे थरथरले.

मालकांनी पावतीपुस्तक काढले आणि त्यावर लिहिले : कंडेन्सर एक, वायर जोडणे, वायर तोडणे. तिन्हींचे पैसे लावले.